घाटात रात्रीच टेम्परेचरचा काटा चढतो, दिवसा नाही. गाडी तापतेय की मीटर खोटं बोलतंय?

हापूस_पिकअप
१९ एप्रिल, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी देवगडचा. बाग घरची आहे, शिवाय शेजारच्या दोन-तीन बागायतदारांच्या पेट्या मीच कोल्हापूरला पोचवतो. गाडी २००६ ची डिझेल पिकअप, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. साधा पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. मीटरही जुनंच, काट्याचं.

रस्ता ठरलेला: देवगड, नांदगाव तिठा, फोंडा, घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. पेट्या भरून निघेस्तोवर रात्रीचे आठ-साडेआठ होतात. नांदगावपर्यंत काटा अर्ध्याच्या जरा वर असतो. लोड आहे म्हणून असेल, असं मी धरून चालतो. घाट लागला की काटा चढायला लागतो. एकदम उडी मारत नाही, सावकाश सरकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत एच च्या (गरमच्या खुणेच्या) अलीकडे बोटभर येऊन बसतो. मग माझा जीव वरखाली. दाजीपूरला पोचलो की बाजूला घेतो, इंजिन चालूच ठेवतो, बॅटरीवर ताण नको म्हणून दिवे बंद करतो आणि बॉनेट उघडतो. दोन-चार मिनिटांत काटा परत अर्ध्यावर. थांबायचं तेही गव्यांच्या भीतीनं. मागच्या आठवड्यात एक धूड वीस फुटांवर उभं होतं, मी बॉनेटच्या आडून त्याच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे.

वाफ कधी आली नाही. पाणी बाहेर फेकलं नाही. बाटलीतलं पाणी सकाळी तेवढंच असतं.

आता खरा घोळ. परवा एका बागायतदाराला घाई होती म्हणून भर दुपारी पूर्ण लोड घेऊन तोच घाट चढलो. ऊन डोक्यावर, इंजिनचा नुसता आवाज. काटा अर्ध्याच्याही खाली! येताना रिकामी गाडी दिवसाच येते, तेव्हा तर काटा पार खाली असतो.

आजवर केलेले उद्योग असे:

टेम्परेचरचा सेन्सर नवीन टाकला. फरक शून्य. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकला, म्हणाले आपल्या हवेत लागत नाही. दिवसाचा काटा आणखी खाली गेला, रात्रीचा होता तिथेच. रेडिएटर बाहेरून धुतला, पट्टा बदलला. आता दुसरे मेस्त्री म्हणतायत हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून बघू. सीझनमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली तर पेट्या काय डोक्यावरून नेऊ?

बाकी गाडीला तसा त्रास नाही. मार्चमध्ये ॲक्सिलरेटरची केबल जड झाली होती म्हणून बदलली, आता पुन्हा जड वाटते. हेडलाइट जुने झाल्यामुळे पिवळट पडलेत, म्हणून होळीच्या आधी कॅरियरवर दोन फॉगलॅम्प बसवून घेतले. तेवढंच.

हेड उतरवू की नको, कोणीतरी सांगा.

---

घाटकरी_निपाणी
१९ एप्रिल, रात्री ११.२०

हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग. माझ्या ट्रकचं असंच झालं होतं, घाटातच तापायचं. आज ना उद्या रस्त्यात बसशील. उतरवून घे.

---

म्हापशेकार
२० एप्रिल, सकाळी ७.०५

घाटकरी, गॅस्केट गेलं तर दिवसाही तापेल ना? इंजिनाला रात्र-दिवस कळतो काय?

मी मासळीची गाडी चालवतो. बर्फाचं खारं पाणी आणि समुद्राची हवा, दोन्ही मिळून आमच्या वायरिंगचा सत्यानाश. देवगडही समुद्रावरच. तेवढं डोक्यात असू दे.

---

निवृत्त_मेस्त्री
२० एप्रिल, सकाळी ९.४०

तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, त्यातली बरीचशी इलेक्ट्रिक सेक्शनला. हेड उतरवू नका. निदान आज तरी नको.

पण "मीटर खोटं बोलतंय" असंही लगेच ठरवू नका. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, काटा वर गेला की काचेवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, हे असंच दाखवतं. एकदा ते खरं दाखवत होतं. ब्लॉकसकट इंजिन गेलं. म्हणून आधी एकच प्रश्न सोडवायचा: इंजिन खरोखर किती तापतंय? काटा बाजूला ठेवून ते मोजा.

वाफ आली नाही म्हणजे तापली नाही, असं धरू नका. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ लिहिलेलं असेल तर तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे वाफ न दिसताही इंजिन धोक्याच्या वर असू शकतं. आणि त्या झाकणाला गरम असताना हात लावू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण दरवर्षी कोणीतरी भाजून घेतंच.

उलटही होतं. पाणी निम्म्यावर आलं की सेन्सरचं टोक उघडं पडतं आणि वाफेत किंवा हवेत लटकतं. तेव्हा इंजिन पेटायच्या बेतात आणि काटा आरामात सी (गारच्या खुणे) कडे. काटा एकाएकी खाली आला म्हणून खूश होणारे मी पाहिलेत. तर रोज सकाळी गार इंजिनवर झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा, नुसती बाटली बघून चालायचं नाही. बघता बघता तिथेच इंजिन चालू करा आणि एक्सलेटर द्या. बुडबुडे सतत येत राहिले, किंवा झाकण लावून इंजिन चालवल्यावर वरचा होज (रबरी पाइप) गार असतानाच दगडासारखा कडक झाला, तर गॅस्केटचा संशय खरा. नाही तर संशय कमी.

आता सेन्सरकडे. तुमच्या गाडीला एका वायरीचा सेन्सर असणार. त्याची अर्थ (करंट परत जायची वाट) त्याच्या चुडीतून, म्हणजे आट्यांतून, इंजिनाच्या ब्लॉकला मिळते. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. रेझिस्टन्स कमी झाला की करंट जास्त आणि काटा वर, एवढाच खेळ. त्यामुळे:

चावी ऑन करून सेन्सरची वायर काढा. काटा सी ला पडला पाहिजे. नाही पडला तर वायर मध्येच कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय.

तीच वायर मीटरच्या छोट्या बल्बातून ब्लॉकला टेकवा. काटा एच कडे निघाला पाहिजे. निघाला की लगेच काढा. थेट टेकवून धरून ठेवलीत तर मीटरची कॉइल जळते. नाही निघाला तर वायर तुटकी, नाहीतर मीटर गेलेलं.

दोन्ही बरोबर आलं तर वायर आणि मीटर जागेवर आहेत, सेन्सर बघायचा. नव्या सेन्सरला मेस्त्रींनी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती का तेही पाहा. बाथरूमच्या नळाला गुंडाळतात तशी दाबून गुंडाळली की चुडीला अर्थच मिळत नाही. पण त्यानं काटा खाली दाखवतो, वर नाही. तुमचा आजार तो वाटत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. दिवसा नाही, रात्रीच. रात्री गाडीत वेगळं काय असतं? सावकाश विचार करून लिहा.

---

हापूस_पिकअप
२० एप्रिल, दुपारी २.१५

काका, सविस्तर लिहिलंत, आभार. रात्री वेगळं काय? गारवा. म्हणजे उलट कमी तापायला हवी. तेच तर डोक्यात जात नाहीये.

पाणी बघितलं, गळ्यापर्यंत आहे. बुडबुडे नाहीत. होज मऊ आहे. टेप गुंडाळलेली होती, पण मल्टिमीटरनं सेन्सरचा षटकोन आणि ब्लॉक यांच्यामध्ये मोजलं तर शून्य. म्हणजे अर्थ आहे. वायर काढली, काटा सी ला. बल्बातून टेकवली, काटा वर निघाला.

तापमान मोजायला मात्र फजिती. कोविडच्या वेळची ताप बघायची गन गावात एकाकडे मिळाली. ती इंजिनावर धरली तर HI लिहून गप्प. मुलगा म्हणाला, बाबा, ती माणसाला ताप आहे का बघायची आहे, तिला त्रेचाळीसच्या वरचं कळत नाही. वर म्हणाला, गाडीला डोलो द्या.

---

निवृत्त_मेस्त्री
२० एप्रिल, दुपारी ४.३०

तुमच्याकडे आंब्याची कॅनिंग फॅक्टरी असेल. त्यांच्याकडे ३००-४०० अंशांपर्यंतची गन असते, रस तापवताना लागते. एका रात्रीपुरती मागून आणा.

गन चकचकीत धातूवर धरू नका, खोटं दाखवते. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला काळी चिकटपट्टी लावा आणि अगदी जवळून त्या पट्टीवर धरा.

सेन्सरही तपासून घ्या, फुकटचं काम आहे. काढा, टोपातल्या पाण्यात त्याचं टोक बुडवा, मल्टिमीटरची एक पिन टोकाच्या पत्तीला आणि दुसरी षटकोनाला. पाणी तापवत आकडे लिहा. तुम्ही समुद्रकाठी, तुमचं पाणी बरोबर १०० ला उकळेल. कोल्हापुरात कोणी केलं तर साधारण ९८ धरावं. आकडे सुरळीत उतरत गेले पाहिजेत. मध्येच उड्या मारल्या तर सेन्सर टाकून द्या, नवा असला तरी. नवीन म्हणजे चांगला, असं मी तरी कधी मानलं नाही.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्या हवेत लागत नाही, हे वाक्य ऐकून माझे कान किटले. तो ८०-८५ च्या आसपास उघडतो, तोवर इंजिनाला गरम होऊ देतो. नसला तर सपाटीवर इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये मळी होते. काही इंजिनांत त्याच थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता बायपासनंच फिरतं, आणि गार ठेवायला काढलेल्या थर्मोस्टॅटपायी गाडी तापते.

---

वायरिंगवाली
२० एप्रिल, सायंकाळी ६.००

मी पिंपरीत मीटर दुरुस्तीचं काम करते. मध्येच बोलते कारण हे इतरही वाचतील.

वायर काढून बॉडीला टेकवायची चाचणी फक्त अशा जुन्या, एका वायरीच्या सेन्सरवर करायची. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर दोन वायरींचा असतो, तो कॉम्प्युटरला जातो आणि काट्याला आकडा कॉम्प्युटर पाठवतो. तिथे हा प्रयोग करू नये. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचायचं. स्कॅनरवर ८८ आणि काटा लाल पट्ट्यात, तर दोष मीटरकडे. स्कॅनरवरही ११५, तर गाडी बाजूला घ्या. आणखी एक, नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. ८० आणि १०० मध्ये तो जागचा हलत नाही. त्यामुळे "माझा काटा कधीच हलत नाही" हे आरोग्याचं लक्षण समजू नका.

हापूस_पिकअप, तुमच्या २००६ च्या मीटरमागे बहुतेक एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असेल. डिझेल आणि टेम्परेचर, दोन्ही काट्यांना तोच पुरवठा देतो. तो बिघडला तर दोन्ही काटे एकदम चुकतात. म्हणून विचारते, डिझेलचा काटा नीट आहे का?

---

हापूस_पिकअप
२१ एप्रिल, सकाळी ११.३०

ताई, डिझेलचा काटा नीट आहे. निघताना टाकी फुल करतो, त्यामुळे तिकडे फारसं बघत नाही.

काल रात्री ट्रिप होती. कॅनिंगवाल्यांनी गन दिली, बदल्यात दोन डझन. नुसत्या धातूवर धरली तर ४१ दाखवलं, मला वाटलं हीसुद्धा तापाचीच गन! मग काळी पट्टी लावली.

नांदगाव तिठ्याला: ६३.
घाटाच्या अर्ध्यात, काटा एच च्या अलीकडे बोटभर: ८४.
दाजीपूरला पोचताक्षणी: ८६.

म्हणजे इंजिन ठणठणीत! मी तिथेच रस्त्यावर टाळी वाजवली, क्लीनर घाबरला.

सेन्सर सकाळी टोपात उकळला. घरचा टोप, त्यामुळे घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. आकडे असे: गार पाण्यात ४२० च्या आसपास, ६० ला १३५, ८० ला ७०, उकळल्यावर ३९ ओहम. कुठेही उडी नाही.

मग चूक कुठे? वायर बरोबर, सेन्सर बरोबर, इंजिन बरोबर, मीटर दिवसा बरोबर.

---

निवृत्त_मेस्त्री
२१ एप्रिल, दुपारी १२.१०

आता रात्रीचा प्रश्न परत विचारतो. रात्री वेगळं काय असतं? गारवा नव्हे बाबा. दिवे.

तुम्ही स्वतःच लिहिलंय. दाजीपूरला थांबलो की दिवे बंद करतो, दोन-चार मिनिटांत काटा अर्ध्यावर. इंजिन चालू, पंखा चालू, उभी गाडी, घाट चढून आलेली. इतक्या लवकर एवढं पाणी निवतं होय? आणि घाटात काटा चढतो कारण घाटात तुम्ही ते दोन फॉगलॅम्प लावता. बरोबर का?

पिकअपची केबिन चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते. रबरातून करंट जात नाही. म्हणून केबिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची विणलेली एक पट्टी असते. हेडलाइट, फॉग, ब्लोअर, मीटर, केबिनवर अर्थ केलेलं सगळं त्या एका पट्टीतून बॅटरीकडे परत जातं. ती कुजली की परतीचा रस्ता अडतो आणि केबिनची अर्थ वर उचलली जाते, म्हणजे शून्य व्होल्टवर राहत नाही. तुमचं मीटर केबिनला धरून मोजतं, सेन्सर मात्र ब्लॉकवर बसलाय. दोघांची जमीन एक राहिली नाही. मीटरच्या स्टॅबिलायझरनं ठरावीक व्होल्टेज दिलं, पण सेन्सरची जमीन त्याच्यापेक्षा खाली, म्हणून काट्याला जास्त करंट मिळतो. काटा चढतो. जुन्या घडणीचा काटा तापणाऱ्या पत्तीवर चालतो, सावकाश सरकतो, म्हणून तुम्हाला ते खरं तापणं वाटलं. झटक्यात उडाला असता तर तुम्हीच पहिल्या दिवशी ओळखलं असतं.

दोन गोष्टी करा.

एक, आत्ता लगेच, हत्याराशिवाय. इंजिन बंद, चावी ऑन, डिझेलचा काटा कुठे आहे ते बघा. मग हेडलाइट आणि फॉग लावा आणि मिनिटभर थांबा. डिझेलचा काटा वर चढला तर मला पेढे पाठवा. टाकी चेसिसवर आहे, तिलाही तोच रोग. टाकी फुल असेल तर मात्र काही कळणार नाही, अर्धी असताना बघा.

दुसरं, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन ब्लॉकला, लाल केबिनच्या उघड्या नटाला. इंजिन चालू, सगळे दिवे चालू. ०.१ च्या आत आलं पाहिजे, फार तर ०.२. पट्टी डोळ्यांनी बघून किंवा ओहमवर मोजून समाधान मानू नका. चारच तारा धड उरलेली पट्टीसुद्धा ओहमवर शून्य दाखवते. करंट वाहत असतानाच ती पकडली जाते.

---

म्हापशेकार
२१ एप्रिल, दुपारी १२.४०

बघ, मी खाऱ्या हवेचं बोललो होतो! माझी पट्टी तर हातात घेतल्यावर चहाच्या चुऱ्यासारखी गळून पडली होती.

---

हापूस_पिकअप
२१ एप्रिल, सायंकाळी ५.५५

काका, पेढे कुठे पाठवू?

टाकी अर्ध्याला जरा कमी होती. हेडलाइट लावले, काटा अर्ध्याच्या वर. फॉग लावले, पाऊण टाकी! आमच्याकडे दिवे लावले की डिझेल वाढतं. मुलगा म्हणतो, दिवसासुद्धा लावूनच फिरा, पंपावर जायला नको.

मल्टिमीटरवर: दिवे बंद, ०.२. हेडलाइट, ०.९. हेडलाइट आणि फॉग, १.८ व्होल्ट.

घाटकरी_निपाणी, हेड वाचलं.

---

घाटकरी_निपाणी
२१ एप्रिल, रात्री ९.३०

बरं झालं. माझं गॅस्केट खरंच गेलेलं होतं, एवढंच.

---

निवृत्त_मेस्त्री
२१ एप्रिल, रात्री ९.५०

१.८ म्हणजे फारच. तुमचे हेडलाइट जुने होऊन पिवळे पडले नाहीत, त्यांना व्होल्टेजच पुरत नव्हतं. ते पिवळे म्हणून तुम्ही फॉग बसवलेत, आणि फॉगचा करंटही त्याच कुजक्या पट्टीवर घातलात. आजार फेब्रुवारीतही असणार, फॉगनं तो काट्यावर आणला.

ॲक्सिलरेटरच्या केबलचंही लिहिलं होतंत. पट्टी अडली की करंट दुसरी वाट शोधतो. केबिनपासून इंजिनपर्यंत लोखंडाच्या कोणत्या वस्तू जातात? ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. त्या तापतात, आतलं प्लॅस्टिक मऊ होतं, केबल जड होते. नक्की तेच, असं केबल न बघता म्हणणार नाही. पण आज रात्री सगळे दिवे लावून दहा मिनिटांनी केबलला हात लावून बघा.

नवी पट्टी घालताना आधी बॅटरीची मायनस काढा. तयार पट्टी मिळाली नाही तर बॅटरीची जाड केबल घ्या, दोन्ही टोकांना लग दाबून, नुसत्या वायरी पिळून नाही. केबिन आणि चेसिस दोन्हीकडचा रंग खरवडून पांढरं लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस थापा. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. तुमच्या हवेत दर पावसाळ्यानंतर एकदा १.८ चं हे मोजमाप परत करा. इंजिन आणि चेसिसमधली दुसरी पट्टी असते, तीही सोडू नका.

---

हापूस_पिकअप
२४ एप्रिल, सकाळी ८.२०

उशिरा लिहितोय, सलग दोन ट्रिपा झाल्या.

पट्टी ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, केबिनच्या खालून सापडली. वरून चिखल आणि ग्रीसचा लपका, म्हणून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडला तर आत नुसता हिरवा कळंक. धड तारा मोजल्या, सात. मी स्वतः त्या जागेवर दोनदा हात फिरवून "ठीक आहे" म्हटलं होतं, हे इथे कबूल करतो.

बॅटरीची केबल आणि दोन लग, २८० रुपये. त्याआधी सेन्सर, पट्टा आणि मजुरी धरून तीन हजार घालवले होते. इंजिनकडची पट्टीही बदलली, ती तशी बरी होती. आता सगळे दिवे लावून ०.०४.

केबल खरंच गरम होत होती. पट्टी बदलायच्या आधी हात लावून बघितली, चहाच्या कपाएवढी. आता गार आहे, पण जडपणा गेला नाही, म्हणजे आतून वितळलीच असणार. ती परत बदलायला लागेल.

हेडलाइट बघून तर मला माझीच गाडी ओळखू येईना. पांढरेशुभ्र. घाटात फॉग लावावेच लागले नाहीत, आणि मुद्दाम लावून बघितले तरी काटा अर्ध्याच्या रेघभर खाली. दाजीपूरला थांबलो नाही. गवा होता की नाही, बघितलंही नाही.

थर्मोस्टॅट कणकवलीहून मागवलाय, उद्या मेस्त्रींकडून बसवून घेतो. ते म्हणाले, कशाला घालता? मी म्हटलं, सपाटीवर ६३ दाखवतंय. त्यावर ते गप्प बसले.

एक मात्र झालं. काल रात्री राधानगरीच्या अलीकडे डिझेलचा काटा बघितला तर पाव टाकी. नेहमी तिथे मला अर्ध्याच्या वर दिसायची. म्हणजे गेले दोन महिने रात्री मी ज्या भरवशावर कोल्हापूर गाठत होतो, ते डिझेल टाकीत नव्हतंच. राधानगरीतला पंप उघडा होता म्हणून बरं.